विजयाबाईंचा कावळा

"दीड तास! माझ्या नाटकाला फक्त दीड तास पुढच्या रांगेत बसा, आई. दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले नाहीत, तर मी गाणं शिकवणं सोडून देईन!"

विजयाबाईंनी ही प्रतिज्ञा पोळ्या लाटता लाटता केली. ऐकायला स्वयंपाकघरात फक्त सासूबाई होत्या. शारदाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी एक काडी बाजूला टाकली आणि म्हणाल्या, "इतकी मोठी शपथ काहून घेते? शाळेतली पोट्टी खूश होतील ना!"

विजयाबाई रायपूरच्या जुन्या वस्तीतल्या एका हायस्कुलात संगीत शिकवत. स्वतःवर त्यांचा विश्वास दांडगा. बेसूर मुलाला सुरात आणता येतं, तर दोन बेसूर भावांना का नाही आणता येणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. हे दोन भाऊ म्हणजे एक त्यांचा नवरा शिशिर आणि दुसरा थोरला दीर अच्युत. दोघं वर्षभर एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

आणि याला कारण काय, तर एक कावळा!

सासरे बाबाराव गेले, त्यांच्या दहाव्याला सगळं घर महादेवघाटावर, खारून नदीच्या काठी जमलं होतं. पिंड मांडला. पिंपळावर कावळे भरपूर होते, पण एकही खाली उतरेना. पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. मग सगळे हात जोडून वचनं देत सुटले. शिशिर म्हणाला, "बाबा, आईले अंतर देणार नाही." कावळा ढिम्म. अच्युत म्हणाला, "बाबा, गयेला जाऊन येईन." कावळ्यानं मान फिरवली. शेवटी अच्युत जरा घुटमळला आणि म्हणाला, "बाबा, तुमची पेटी मी सांभाळीन."

पेटी म्हणजे बाबारावांची हार्मोनियम. लाकडाची, जुनी, गोड आवाजाची. बाबाराव गेल्यापासून ती विजयाबाईंच्या खोलीत आली होती. घरात वाजवणारं दुसरं होतं कोण? तेव्हा मागे उभ्या असलेल्या विजयाबाई हळूच म्हणाल्या, "सा कुठं असते, ते तरी माहीत आहे का यांना?"

आता संगीत शिकवणाऱ्या बाईचा 'हळूच' म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू जाणारा! अच्युतनं जोडलेले हात खाली घेतले. कावळा आलाच नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि वेळ भागवली. घरी परतताना दोन भाऊ रस्त्याच्या दोन कडांनी चालत होते. महिन्याभरात अच्युतनं तेलीबांध्याला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला आणि ब्राह्मणपाऱ्यातलं बाबारावांचं घर सोडलं.

विजयाबाईंना कोणी विचारलं, तर त्या सांगत, "कावळा नाही शिवला ना, म्हणून दोघं भाऊ भांडले." आपलं वाक्य त्या सांगत नसत. मुद्दाम लपवत होत्या असं नाही. त्यांच्या मते तो एक साधा प्रश्न होता आणि अच्युतला त्याचं उत्तर येत नव्हतं, इतकंच.

आता बाबारावांचं वर्षश्राद्ध आलं होतं. शिशिरनं ते ब्राह्मणपाऱ्यात ठरवलं, अच्युतनं तेलीबांध्याला ठरवलं. दिवस तोच, वेळ तीच, आणि कमाल म्हणजे दोघांनी बोलावलेले गुरुजीही तेच! गुरुजी बिचारे दोन्हीकडे 'हो' म्हणून बसले होते. हे कळलं त्या दिवशी शारदाबाईंनी एवढंच विचारलं, "एक नवरा अन् त्याची दोन श्राद्धं. मी कोणत्या पानावर बसू, विजया?"

तो प्रश्न विजयाबाईंनी मनावर घेतला. त्याच दिवशी त्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी संगीत नाटक लिहायला घेतलं. नाव, 'आजोबा अडून बसले'.

नाटक असं, की आजोबा मेलेत आणि वर झोपाळ्यावर बसून मजा बघताहेत. खाली दहावा चाललाय. नातेवाईक वचनं देताहेत आणि कावळे कोरसमध्ये त्यांची टर उडवताहेत, "काव काव काव, खरं काय ते सांग, राव!" संवाद हिंदीत, कारण मुलांना मराठी समजे, पण बोलत ती हिंदीत. गाणी मात्र मराठीत, कारण पुढच्या रांगांत मराठी मंडळाची ज्येष्ठ मंडळी बसणार. पेटीच्या जागी रेडिओ. शेवटी थोरला मुलगा म्हणतो, "बाबूजी, आपका रेडिओ छोटे के पास ही रहेगा," आणि झट्‌दिशी कावळा शिवतो. सगळे आनंदी!

थोरल्यानं माघार घ्यावी आणि कावळ्यानं शिवावं, अशी विजयाबाईंची योजना होती. त्यात काही पक्षपात आहे, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

प्राचार्या शर्मिष्ठा मॅडमनी नाटक वाचून कपाळाला हात लावला. "विजया मॅडम, ॲन्युअल फंक्शन में दसवां? बच्चे पिंड लेकर नाचेंगे? मंत्रालय से साहब आ रहे हैं!"

"साहेब हसतील, मॅडम!"

"और नहीं हँसे तो?"

"तर मी गाणं शिकवणं सोडून देईन!" विजयाबाई म्हणाल्या. ही शपथ त्यांना आता सवयीची झाली होती.

तालमी सुरू झाल्या. जुन्या छत्र्यांच्या कापडातून कावळे शिवले. खरा भाताचा पिंड शाळेत नको, म्हणून मुरमुऱ्याचा लाडू ठेवायचा ठरलं. तर रोज तालमीआधीच पिंड गायब! घाटावर एकही कावळा शिवला नव्हता, इथं सगळेच शिवत होते!

एकटी मंजिरी हात लावत नसे. मंजिरी नववीतली, मुख्य कावळा. सांगितलं तेवढंच करणारी आणि सांगितलं नाही ते प्राण गेले तरी न करणारी. एकदा विजयाबाई म्हणाल्या, "फांदीवर बसल्यावर हलू नकोस." तर नाकावर डास बसला तरी पोरीनं बोट उचललं नाही. विजयाबाईंनी तिला शेवटचा प्रवेश नीट समजावला होता. "मी पेटीवर असेन. माझ्याकडे पाहत राहायचं. पेटी थांबली की एक श्वास घ्यायचा आणि झडप! कळलं?"

"हव, मॅडम," मंजिरी म्हणाली.

पेटी अर्थात बाबारावांची. शाळेची हार्मोनियम होती, पण तिच्या निम्म्या पट्ट्या दाबल्यावर वर येत नसत. शिवाय बाबारावांच्या नाटकाला बाबारावांचीच पेटी हवी, असंही विजयाबाईंना वाटलं.

संमेलनाच्या संध्याकाळी मंडप खच्चून भरला. पुढच्या रांगेत मंत्रालयातल्या कुठल्याशा विभागाचे साहेब, त्यांच्या शेजारी शर्मिष्ठा मॅडम, मग मराठी मंडळ. मंडळात शेजारच्या कांताबाई. त्यांच्या पलीकडे शिशिर, मध्ये शारदाबाई आणि शारदाबाईंच्या दुसऱ्या अंगाला अच्युत. अच्युतला आणायला शारदाबाईंनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, "मले पायरी चढताना हात कोण देईल?"

दोघं भाऊ आले खरे, पण बोलणं आईमार्फत.

"आई, त्याले सांग, पाय जरा तिकडे घे म्हणावं."

"आई, त्याले सांग, खुर्ची माझी आहे, पायही माझाच आहे."

शारदाबाई दोन्हीकडे मान हलवत होत्या आणि निरोप कोणताच पोचवत नव्हत्या.

नाटक सुरू झालं आणि काय सांगावं, रंगलं! झोपाळ्यावरच्या आजोबांनी पहिल्याच गाण्यात टाळ्या घेतल्या. मावशी म्हणाली, "जीजाजी, मैं आपकी तेरहवीं में दो ही जलेबी खाऊंगी," तेव्हा साहेब पोट धरून हसले. कावळे "काव काव" करत नाचले. एका कावळ्याचा पंख उघडून त्याची पुन्हा छत्री झाली, त्यालाही टाळ्या पडल्या. मंचाच्या कडेला बसलेल्या विजयाबाई पेटी वाजवता वाजवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पुढची रांग पाहत होत्या. शिशिर हसत होता. अच्युतही हसत होता. दोघं एकाच वेळी हसले की शारदाबाईंची खुर्ची दोन्ही बाजूंनी हलत होती.

मग शेवटचा प्रवेश आला. मंजिरी पिंपळाच्या फांदीवर बसली. थोरला मुलगा झालेला दहावीतला सुशील हात जोडून पुढे आला. नेमका तेव्हाच अच्युत खुर्चीत पुढे सरकला. रेडिओ म्हणजे काय, हे त्याला केव्हाच कळलं होतं. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवून तो सुशीलकडे असा पाहू लागला, की पोराचं तोंडच वाळलं.

सुशील वाक्य विसरला!

विजयाबाईंनी वेळ काढायला पेटीवर तोच तुकडा पुन्हा वाजवला. पुन्हा वाजवला. मग दातांतून म्हणाल्या, "रेडिओ! रेडिओ!"

"हां! रेडिओ!" सुशीलला आधार सापडला. "बाबूजी, आपका रेडिओ... मैं रखूंगा!"

"बरोबर आहे पोट्ट्याचं!" अच्युत खुर्चीतूनच ओरडला.

मंडप हसला. धाकटा मुलगा झालेला पियुष गडबडला. असं तर तालमीत कधी झालं नव्हतं! पण पोरगा हजरजबाबी. कमरेवर हात ठेवून त्यानं सुशीलला सुनावलं, "तू रखेगा? बटन किधर है, मालूम भी है तेरे को?"

मंडप आणखी हसला. अच्युत तेवढा हसला नाही. तो मागे टेकला आणि त्यानं मांडीवरचा रुमाल उगाच घडी घालून खिशात ठेवला.

पियुषच्या तोंडून आलेलं ते वाक्य विजयाबाईंनी ऐकलं. आपण हे कुठं तरी ऐकलंय, असं त्यांना वाटलं. कुठं, ते दुसऱ्याच क्षणी आठवलं. मग घाबरलेला वादक जे करतो तेच त्यांनी केलं. जोरात वाजवू लागल्या! आता कावळा शिवला की सुटलो, असं म्हणत त्यांनी मंजिरीला डोळ्यांनी खुणावलं. मंजिरी फांदीवर दगडासारखी. भुवया उडवल्या, हनुवटी हलवली. मंजिरी त्यांच्याकडे एकटक पाहत होती, पण जागची हलत नव्हती!

पुढच्या रांगेत कुजबुज झाली. "कावळा शिवून नाही राहिला!"

"नाटकात आहे तसं."

"नाटकात असं नाई राहात! पोट्टीचं तोंड पाहा ना!"

कांताबाई उठल्या. या कांताबाईंनी ब्राह्मणपाऱ्यातला एकही दहावा चुकवला नव्हता. कावळा अडला की माणसानं काय करायचं, हे त्यांच्या अंगातच भिनलं होतं. त्यांनी चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि मंचाकडे हात जोडून म्हणाल्या, "बाप्पा, मी सुनेले तिची मालिका पाहू देईन. रिमोट लपवणार नाही!"

मागच्या रांगेतून त्यांची सून ओरडली, "आई, सगळ्यांनी ऐकलंय बरं!"

कावळा काही हलला नाही. मग एकेक जण उठायला लागला. कोणी शेजाऱ्याच्या दारात गाडी लावणं सोडलं, कोणी मेहुण्याची शिडी परत करायचं कबूल केलं. शर्मिष्ठा मॅडमना वाटलं, प्रेक्षकांना सामील करून घेणारं हे काहीतरी नवं तंत्र आहे. त्या भारावून उठल्या. "स्कूल की तरफ से मैं वचन देती हूँ, संगीत कक्ष की छत इसी साल बनेगी!"

साहेबांना कोणीही उठा म्हटलं नव्हतं. पण समोर गर्दी आणि हातापाशी माइक, एवढं त्यांना पुरेसं होतं. "इस विद्यालय तक पक्की सड़क!" ते म्हणाले.

कावळ्यानं साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. मंडपात असा हशा उसळला की साहेबही हसत खाली बसले.

आणि मग शिशिर उठला.

तो हसत नव्हता. त्यानं हात जोडले आणि मंचावरच्या मुरमुऱ्याच्या लाडवाकडे पाहत म्हणाला, "बाबा, श्राद्ध दादाच्या घरीच होऊ द्या. मी येईन तिथं."

हशा थांबला. अच्युत ताडकन उठला. "काहून? माझ्या घरी काहून? बाबाचं घर ब्राह्मणपाऱ्यात आहे. तिथंच होईल!"

"दादा, तू मोठा आहे. तुझ्याकडंच होईल!"

"मोठा आहे म्हणून सांगून राहिलो ना! तिथंच होईल!"

वर्षभरात पहिल्यांदा दोघं एकमेकांशी बोलत होते, आणि तेही भांडतच! मध्ये बसलेल्या शारदाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. एवढं झाल्यावर खरं तर कुठल्याही कावळ्यानं शिवायला हवं होतं. पण मंजिरी जागची हलली नाही. पेटी थांबली, तर ही शांतता आपल्यावर कोसळेल असं विजयाबाईंना वाटत होतं. म्हणून त्या वाजवत होत्या, तोच तुकडा, पुन्हा आणि पुन्हा.

शारदाबाईंनी पदरानं डोळे पुसले. त्या मंचाकडे पाहत नव्हत्या, फांदीकडेही नाही. त्या पेटीकडे पाहत होत्या.

"विजया," त्या म्हणाल्या, "आता तू बोल."

विजयाबाईंनी खाली पाहिलं. डावा हात भात्यावर होता. भात्याच्या फळीची कड एका जागी झिजून गुळगुळीत झाली होती. ती झीज त्यांच्या हाताची नव्हती आणि बाबारावांच्याही हाताची नव्हती. शारदाबाईंनी कधीकाळी सांगितलं होतं, की बाबाराव दोन्ही हातांनी वाजवायला बसले की लहानगा अच्युत पेटीमागे मांडी घालून भाता मारायचा. रोज संध्याकाळी. खेळायला जायचं सोडून. विजयाबाईंनी ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण भाता मारण्याला त्या संगीत म्हणत नसत. आता वाटलं, त्या पोरानं वारा दिला नसता तर बाबारावांचा कुठला सा वाजणार होता?

त्यांना लाज वाटली. सगळ्या मंडपासमोर, कोपरापासून कानापर्यंत लाज वाटली.

हात जोडण्यासाठी त्यांनी ते पेटीवरून उचलले. "बाबा," त्या म्हणाल्या आणि या वेळी त्यांचा आवाज खरोखरच हळू होता, "पेटी अच्युतदादांकडे जाईल."

पेटी थांबली.

मंजिरीनं एक श्वास घेतला. आणि झडप!

पिंडाला कावळा शिवला! नुसता शिवला नाही, लाडूचा निम्मा तुकडा घेऊन गेला. मंडप उठून उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, हुंदके, सगळं एकदम! कांताबाईंनी जागच्या जागी नमस्कार घातला. झोपाळ्यावरचे आजोबा तर नाटक विसरून टाळ्या वाजवत होते.

शिशिर विजयाबाईंना भेटायला मंचामागे आला. "पाहिलं? बाबांचा जीव पेटीतच अडकला होता. तू बोलली अन् क्षणात शिवला."

विजयाबाईंच्याही अंगावर काटा आला. शिशिर गेल्यावर त्यांनी मंजिरीला बाजूला घेतलं. मंजिरी चोच कपाळावर सरकवून लाडू खात होती. विजयाबाईंना तिच्याकडे पाहतानाही जरा भीती वाटत होती.

"बेटा, खरं सांग. इतके लोक बोलले तेव्हा तू का नाही शिवलीस? तुला... काही जाणवलं का?"

मंजिरीनं घास गिळला. "मॅडम, आपने ही तो बोला था, पेटी रुकेगी तब झपटना. आप बजाना बंद ही नहीं कर रहे थे! मैं कब से देख रही थी आपको!"

विजयाबाई खाली, छत्रीच्या कापडांच्या ढिगावर बसल्या. मग म्हणाल्या, "हे कोणाला सांगू नकोस."

"हव, मॅडम." आणि मंजिरी सांगितलं तेवढंच करणारी असल्यामुळे तिनं कोणालाही सांगितलं नाही.

श्राद्ध एकच झालं, ब्राह्मणपाऱ्यात. सर्वांत जास्त सुटकेचा श्वास गुरुजींनी सोडला. शारदाबाई एकाच पानावर बसल्या आणि दोन्ही मुलांनी वाढलेलं जेवल्या. संगीत कक्षाचं छत झालं. कांताबाईंच्या घरचा रिमोट सुनेच्या हाती आला. साहेबांचा रस्ता मात्र तेवढा राहिला. अच्युत स्वतः ऑटो घेऊन आला आणि पेटी मांडीवर ठेवून तेलीबांध्याला घेऊन गेला.

विजयाबाईंना घर रिकामं रिकामं वाटायला लागलं. रोज संध्याकाळी हात सवयीनं त्या कोपऱ्याकडे जायचे. तशाच एका संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे अच्युत होता. घसा खाकरून, अगदी विद्यार्थ्यासारखं म्हणाला, "विजया, पेटी उघडून बसलो आहे. सा कुठं असते?"

टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

विजयाबाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. आयुष्यभर त्या नव्या मुलांना पहिल्या तासाला हेच शिकवत आल्या होत्या.

"दादा, सा कुठंही राहू शकते," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज जिथं लागेल ती पट्टी धरा. तुम्ही धराल तोच सा."

पलीकडून एक पट्टी वाजली. मग अच्युत म्हणाला, "असं आहे का? मंग त्या दिवशी घाटावर तू मले काहून विचारलं होतं?"

"हॅलो?" विजयाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "हॅलो? दादा, आवाज येऊन नाही राहिला! तुम्ही भात्यावर हात ठेवून बसा. मी निघालेच!"

आणि फोन ठेवून त्या पायात चपला शोधू लागल्या.